वाटून खायची नाही

आत्यासमोर 'दोन-चार दिवसांपासून ताप आहे' असं म्हणायची सोय नव्हती.

"दोन का चार?" ती विचारायची.

"असतीन ना बाई, दोन-तीन..."

"आता तीनवर आला. बस थोडा वेळ, कमी कमी होत आजचाच हाये म्हणशीन."

मग उलटतपासणी सुरू व्हायची. काल या टायमाले कुठी होता? चहा पेला का? गोड लागला का कडू? परवा सकाळी उठला तवा अंग कसं होतं? मोर्शीचा एक संत्र्याचा व्यापारी एकदा भयंकर वैतागला. म्हणाला, "डॉक्टरीणबाई, मले ताप आला का मी खून केला?"

"खून केला असता तं टायम पोलिसायनं विचारला असता," आत्या शांतपणे म्हणाली. "सांग, परवा बागेत गेलता तवा खोकलत होता का नाही?"

लोकांना वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय. तसं नव्हतं. फ्लूवर एक औषध आहे. नाव ओसेल्टामिवीर. आमच्याकडे सगळे तिला 'स्वाइन फ्लूची गोळी' म्हणतात, असते ती कॅप्सूल. अंगात विषाणू वाढत असतो तेव्हा त्याची वाढ अडवायची, एवढंच तिचं काम. तो वाढून बसल्यावर अडवायला फारसं काही उरत नाही. म्हणून ती पहिल्या दोन दिवसांत पोटात गेलेली बरी. फार आजारी माणसाला नंतरही देतात, पण लवकर ते लवकर. आणि आपल्याकडे ताप कधी आला हे कोणालाच माहीत नसतं. लग्न कोणत्या तिथीला झालं ते माहीत असतं, गाय कधी व्याली ते माहीत असतं, ताप मात्र 'दोन-चार दिवसांपासून'. आत्याचं सगळं भांडण याच्याशी होतं.

ती माझी आत्या नव्हती. वलगावच्या एका फुलवाल्या घराची ती लेक. घराचं फुलांचं दुकान अमरावतीत होतं आणि त्या दुकानाला लागूनच हिचा दवाखाना. भाचे तिला आत्या म्हणायचे, त्यांचं ऐकून फुलं घ्यायला येणारे म्हणायला लागले, त्यांचं ऐकून पेशंट. दवाखान्यात स्पिरिटचा आणि शेवंतीचा वास एकत्र यायचा. लग्न केलं नाही. सरकारी नोकरी पूर्ण केली, निवृत्त झाली आणि एक दिवस सोडून इथं बसायला लागली, असं ती सांगायची. मधला एक दिवस काय केलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "झोपली."

दवाखान्याला दोन भाग होते, आत आणि बाहेर. ताप-खोकल्याचा माणूस आत यायचा नाही. त्याच्यासाठी कडुनिंबाखाली बाकडं होतं. आत्या स्वतः प्लास्टिकचं स्टूल ओढत बाहेर जायची आणि तिथंच तपासायची. एका नगरसेवकाला तिनं तिथं बसवलं होतं. तो म्हणाला, "मी बाहेर बसू?" आत्या म्हणाली, "खोकला तुमचा हाये तं कोणाले बसवू?" नाकावर जुन्या लुगड्याचा पदर चौपदरी करून शिवलेला मास्क असायचा. कोरोना यायच्या आधीपासून. कोरोनात सगळ्या गावानं मास्क घातले तेव्हा ती जराशी खट्टू झाली होती.

लोक येऊन म्हणायचे, बाटली लावा. आमच्या भागात ताप आला की सलाईनची बाटली लावून घेतात, त्याशिवाय इलाज झाल्यासारखा वाटत नाही. आत्यानं एक रिकामी बाटली खिळ्याला टांगून तिच्यात मनीप्लांट लावला होता. कोणी बाटली मागितली की ती वर बोट दाखवायची. "लावली हाये ना. पाय, कशी वाढून राहिली."

चिठ्ठी मराठीत लिहायची. ठसठशीत अक्षर. औषधाचं नाव, कशासाठी, कधी घ्यायचं, कधी थांबायचं. मेडिकलवाले तिच्यावर नाराज असायचे. पेशंटला चिठ्ठी वाचता आली की त्याला दुसरं काही विकता येत नाही, याच्यापलीकडे मला तरी त्या नाराजीचं कारण दिसलं नाही.

आमची ओळख पत्रकावरून झाली. मी तेव्हाही पत्रकं लिहायची, आताही लिहिते. रेशन, पाणी, दवाखाने, औषधं, जिथं माणूस नागवला जातो तिथं. त्या पावसाळ्यात साध्या तापाला सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन लोकांना लुबाडणं चाललं होतं. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, हे देणाऱ्यालाही माहीत असतं. मी पत्रक काढलं. मथळा होता 'तापाच्या नावानं लूट!' गठ्ठा घेऊन मी दवाखान्या-दवाखान्यांत फिरत होते. बहुतेकांनी हाकललं. आत्यानं मला बाकड्यापाशी उभं केलं आणि पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं, विरामचिन्हांसकट. "लूट, उद्गारचिन्ह. हा अन्याय आम्ही सहन करणार नाही, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह." वाचून झाल्यावर बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, काय समजलं?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "पोट्टी लय चिडली हाये."

"कोणावर?"

"थे काई समजलं नाही."

आत्या माझ्याकडे वळली. "तुह्या रागात दम हाये. पण याले उद्या ताप आला तं यानं सकाळी उठून काय करायचं, थे यात कुठी हाये?"

मी म्हटलं, मग तुम्ही सांगा. तिनं तिथंच सांगितलं. ताप आला ती वेळ लक्षात ठेवा. धडधाकट असाल तर पडून राहा, पाणी प्या, तापाची साधी गोळी घ्या. घरात गरोदर बाई, दमेकरी, शुगरवाला, म्हातारं किंवा तान्हं असेल तर थांबू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दम लागला तर कोणीही असो, दवाखाना. बस. मी ते लिहून घेतलं. मथळा मात्र माझाच ठेवला. राग काढून टाकलेलं पत्रक म्हणजे बँकेची सूचना, कोणी वाचत नाही. तिनंही तेवढं चालवून घेतलं. त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले आणि संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायला लागले.

तिच्या टेबलाखाली एक स्टीलचा डबा असायचा, दिवाळीत चिवडा भरतात तसला. त्यात त्या कॅप्सूलच्या पट्ट्या. तापाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ती अकोल्याहून आणून ठेवायची, कारण अमरावतीत ऐनवेळी मिळतीलच याची खात्री नसायची. याच्यासाठी मी कितीतरी दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. मेडिकलवाला म्हणतो, डॉक्टर लिहून देत नाहीत, मागणी नाही, म्हणून ठेवत नाही. डॉक्टर म्हणतो, दुकानात मिळत नाही, म्हणून लिहीत नाही. दोघंही शपथेवर खरं बोलतात. मधल्या मधे पेशंटचे पहिले दोन दिवस निघून जातात. मग तो दाखल होतो, आणि दाखल झाल्यावर मात्र गोळी मिळते. दाखल व्हायला लागू नये म्हणून असलेलं औषध दाखल झाल्यावर मिळतं, हे ज्याला विचित्र वाटत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

पण डबा होता म्हणून आत्या वाटत सुटली नाही. एक मोठ्या घरची बाई गाडीतून आली. लग्नाला बाहेरगावी जायचं होतं, सगळ्यांसाठी पाच पट्ट्या हव्यात, असू द्याव्या घरात. आत्यानं विचारलं, "लोणचं घालायचं हाये का?" आणि पुढचा पेशंट बोलावला. दुसऱ्या वेळी मलाच ताप आला. मी शहाण्यासारखी वेळ लक्षात ठेवून त्याच दिवशी गेले. बाकड्यावर बसले. उलटतपासणीत एकदाही अडखळले नाही.

"शाबास," आत्या म्हणाली. "जा आता घरी."

"आणि गोळी?"

"तुले काहून?"

"वेळेत आले ना मी."

"वेळेत आली, लय चांगलं केलं. पण तू घोडीसारखी धडधाकट हाये. तुह्या ताप आपल्या पायानं जाईन. गोळी वेळेत येणाऱ्याले बक्षीस म्हून ठेवली हाये का मी? दम लागला तं फोन कर."

ताप आपल्या पायानं गेला. मला राग मात्र आठवडाभर होता.

आता वलगावच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथं घडलं. त्या घराची एक रीत होती. बाहेरून घरात काहीही आलं की ते आधी ओट्यावर यायचं आणि त्याचे वाटे व्हायचे. बाजारातून जिलेबी आली, वाटे. मोर्शीच्या सोयऱ्यांकडून संत्री आली तर सोलून फोडी मोजून, ज्याची त्याच्या हातावर. त्या घरात अख्खं संत्रं कोणाच्या वाट्याला आलं नाही, असं आत्या कौतुकानं सांगायची. तिचा भाऊ वारला होता. घराची सूत्रं वयनीकडे, म्हणजे भावजयीकडे. साठी ओलांडलेली, काटक, सगळ्यांच्या आधी मळ्यात जाणारी बाई. वाटे तीच करायची आणि त्यात कोणाची हूं की चूं नसायची. दोन मुलगे, गजू आणि त्याचा लहाना भाऊ, दोघांच्या बायका. गजूची बायको मनीषा. तिला सातवा महिना होता.

पोळा झाला आणि वलगावात घराघरांत ताप शिरला. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, झेंडू-शेवंतीची मागणी वाढलेली. ताप अंगावर काढून सगळं घर फुलं तोडत होतं. गजूनं मनीषाला मोटरसायकलवर दवाखान्यात आणलं. आत्यानं कडुनिंबाखाली विचारलं, कधीपासून? मनीषा म्हणाली, "काल दुपारी झेंडू तोडता तोडता हातापायाले कळा आल्या."

"काल दुपारी. पाय, याले म्हणतात सांगणं," आत्या मला म्हणाली.

तिनं रिपोर्टची भानगड केली नाही. गरोदर बाई, फ्लूची साथ, घरात सगळे तापलेले, आणखी काय पाहिजे. डब्यात एकच पट्टी उरली होती. ती मनीषाच्या हातात दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, पट्टी रिकामी होईपर्यंत. पहिली समोरच घ्यायला लावली. बाकीच्यांसाठी तापाच्या साध्या गोळ्या बांधून दिल्या आणि फुलं तोडणं बंद करा म्हणून सांगितलं, जे कोणी ऐकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या म्हणाली, चल, पाहून येऊ. माझ्या स्कुटीवर मागं ती एका अंगाला बसायची आणि हॉर्न कधी वाजवायचा ते ओरडून सांगायची. वलगाव येईपर्यंत मी अर्धी बहिरी झाले होते.

मनीषा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तोंड लाल.

"काय वं, सकाळची गोळी घेतली?"

मनीषानं मान वळवली. घराच्या दाराकडे पाहिलं.

"काहून वं? विसरली?"

"संपल्या, आत्याबाई."

वयनी चहा घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर समाधान होतं, हे मला नीट आठवतं. "सगळ्यायले दोन-दोन देल्या मी. गजूले, लहान्याले, लहानीले. मनीषाले थे एक तुमच्यापाशी घेतलेली धरून दोन. अन् माह्यंही अंग कसकस करत होतं, मीही घेतल्या."

आत्यानं कप खाली ठेवला. खिडकीत रिकामी पट्टी पडली होती, ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही.

"गोळी लय पावरफुल हाये आत्या," गजू आतून म्हणाला. "माह्या ताप उतरला पाय."

"तुह्या ताप तसाही उतरत होता, गजू."

तिनं मनीषाच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग नाडी, मग पोटातल्या बाळाचे ठोके. मग मनीषाला विचारलं, "तू काहून देऊ देल्या? तुले तं सांगितलं होतं."

"सगळे कण्हून राहिले होते, आत्याबाई. मी एकटी कशी खाऊ? मलेच लाज वाटली."

कोणी कोणाला लुबाडलं नव्हतं. कोणी लोभ केला नव्हता. पत्रकात ज्याच्यावर बोट ठेवावं असा एकही माणूस त्या ओट्यावर नव्हता. घरात औषध आलं आणि घराच्या रीतीनं त्याचे वाटे झाले. दहा गोळ्या एका बाईला पुरल्या असत्या, त्या पाच जणांत गेल्या आणि कोणालाच लागल्या नाहीत.

"हिले मी घेऊन चालली," आत्या उठली. "दवाखान्यात ठेवतो नजरेसमोर."

वयनीचा चहाचा हात थांबला. "परवा महालक्ष्म्या बसून राहिल्या बाई. घरची मोठी सून घराबाहेर?"

"महालक्ष्म्या समजून घेतीन."

"लोकं समजून घेतीन का? म्हणतीन, बिमार पडली तं काढली घराबाहेर. अन् माह्यं चुकलं काय? सून खाईन अन् बाकीचे पाहतीन, असं या घरात कधी झालं?"

"वयनी, हे औषध हाये."

"औषध असो का अमृत असो! वाटून खाल्लं म्हून तं तुमी डॉक्टर झाल्या, बाई. माह्या वाट्याचं दूध तुमच्या कॉलेजात गेलं. नवी नवरी होती मी. एकदा तरी म्हटलं का, हे माह्यं एकटीचं हाये म्हून?"

गजू दारात येऊन उभा राहिला होता, तो परत आत गेला. आत्यानं नाकावरचा मास्क काढला, पुन्हा घातला.

"नाही म्हटलं," ती म्हणाली. "तुमच्या वाट्याचं दूध मी पेली, वयनी. विसरली नाही. पण दूध वाटलं तं सगळ्यायच्या पोटात थोडं थोडं जाते. हे वाटलं का कोणाच्याच कामाचं राहत नाही. थे सांगायले मी तुमच्या दुधावर डॉक्टर झाली, अन् सांगायचंच राहिलं. मी याच घरची. मले समजायले पाहिजे होतं."

वयनी चहाचे कप उचलून आत गेली. मनीषाची पिशवी मात्र तिनंच भरून दिली.

त्या संध्याकाळी मी अमरावतीतली दुकानं पालथी घातली. पहिल्यानं मान हलवली. दुसऱ्यानं लॅबचा रिपोर्ट मागितला. रिपोर्ट येईपर्यंत बाई थांबेल, विषाणू थांबेल का, असं विचारलं तर तो म्हणाला, नियम आहे. तिसऱ्यानं सलाईन आणि अँटिबायोटिक काउंटरवर ठेवून म्हटलं, "हे घेऊन जा ताई, यानंही होते." त्याला मी जे बोलले ते पत्रकात छापता येणार नाही. एका मोठ्या दवाखान्याला फोन केला. गोळी होती, दाखल पेशंटसाठी. आत्यानं फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिला. "दाखल करायसारखी ती आज नाही. उद्या असली तं उद्या नेऊ. पण त्यासाठी वाट पाहायची?"

शेवटी अकोल्याच्या जठारपेठेतला तिच्या ओळखीचा मेडिकलवाला फोनवर भेटला. त्याच्याकडे होत्या. सकाळी वलगावहून अकोल्याला फुलांची गाडी जाते, तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसून मी गेले. मांडीवर शेवंतीचं एक टोपलं, कारण मागं जागा नव्हती. दुकान उघडायच्या आधीच दारात उभी. त्यानं चिठ्ठी हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली आणि हसला. आत्यानं नेहमीसारखं ठसठशीत लिहिलं होतं: 'गरोदर बाई. फ्लू. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. सकाळ-संध्याकाळ, पट्टी संपेपर्यंत. ही एकटीनं खायची. वाटून खायची नाही.'

"हे शेवटचं काय आहे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्याचं हसू गेलं. पट्टी कागदात गुंडाळत म्हणाला, "आमच्या घरीही हेच झालं असतं हो."

परत एसटीनं आले. मूर्तिजापूरला सगळी बस चहाला उतरली, मी उतरले नाही. पट्टी मुठीत होती. जवळ पिशवी असूनही मुठीत का धरली होती, सांगता येणार नाही.

दवाखान्यापाशी पोचले तर कडुनिंबाखालच्या बाकड्यावर वयनी. घरच्या महालक्ष्म्यांची तयारी लहानीवर टाकून सकाळीच आली होती, डबा घेऊन. अंगात कणकण होती म्हणून आत्यानं तिला आत घेतलं नव्हतं, भावजय असली म्हणून काय झालं. आणि वयनीही रुसून दुसरीकडे गेली नव्हती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दाराशी गल्लीतला एक रिक्षावाला थांबवून ठेवलेला. मनीषाचा श्वास आदल्या दिवसापेक्षा भरभर चालला होता. यंत्रावरचा आकडा अजून ठीक होता, पण जरा जरी उतरला तर थेट मोठ्या दवाखान्यात, असं आत्यानं ठरवून ठेवलं होतं. तोवर तो बिचारा फुलांच्या टोपल्यांना टेकून पेंगत होता.

आत्यानं कॅप्सूल मनीषाच्या जिभेवर ठेवली. पाणी दिलं. "तोंड उघड. जीभ वर कर."

खिडकीच्या गजाला तोंड लावून वयनीनं बाहेरून विचारलं, "गिळली का?"

"गिळली," मनीषा म्हणाली.

"नीट पाहा बाई, गालात ठेवते थे. कोणासाठी काही ठेवायची सवयच हाये तिले."

नणंद-भावजयींचं बोलणं असं सुरू झालं.

रिक्षा दिवसभर उभी राहिली, रात्रभर राहिली, दुसऱ्या दिवशीही राहिली. लागली नाही. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी मनीषाचा ताप उतरला, श्वास संथ झाला. वयनीला तोवर बरं वाटलं होतं आणि आत यायची परवानगी मिळाली होती. सकाळ-संध्याकाळची कॅप्सूल आता ती द्यायची. अजून थोड्या उरल्या असताना मनीषा सहज बोलून गेली, "आता तं बरं वाटते. राहिलेल्या ठेवू का घरी? लहानीले लागतीन, कोणाले लागतीन."

वयनी अशी गरजली की फुलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. "कोर्स पुरा कर!"

हा शब्द ती आत्याकडूनच शिकली होती. आत्या टेबलाशी चिठ्ठी लिहीत होती, तिनं मान वर केली नाही.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. मरणाच्या दारातून गोळीनं परत आणलेली सून वगैरे. आत्यानं वाचलं आणि पेनानं अर्धं छाटलं. "गोळीनं वाचली हे तुले कोणी सांगितलं? तिचं तिनंही बरं झालं असतं कदाचित. मले माहीत नाही, तुलेही माहीत नाही. ही गोळी जादू नाही. धडधाकट माणसाचा ताप एखाद दिवस लवकर जाते, बस. नाजूक माणसाले सांभाळून घ्यायची शक्यता वाढते, म्हून वेळेवर द्यायची, म्हून पुरी द्यायची. एवढंच खरं हाये, एवढंच लिही." मी म्हटलं, एवढ्यानं कोणी चिडणार नाही. "चिडायले दुकानात गोळी नाही हे पुरत नाही का तुले?" ती म्हणाली. पुरलं. ते पत्रक आजवर मी काढलेल्यांत सगळ्यात लहान आहे. मथळा तिच्या चिठ्ठीतलीच शेवटची ओळ. वलगावात ते कोणी कोणी देवघराच्या दाराला चिकटवलं आहे.

आता दवाखाना बंद आहे. आत्याचे गुडघे गेले आणि ती वलगावच्या घरी राहायला गेली. मनीप्लांटची बाटली तिथं ओट्यावर टांगलेली आहे. दुकानात गोळी कधी असते, कधी नसते. मेडिकलवाला अजून डॉक्टरकडे बोट दाखवतो, डॉक्टर मेडिकलवाल्याकडे. मी पायऱ्या झिजवते. ताप आला की लोक अजून आत्याला फोन करतात आणि ती फोनवरून विचारते, काल या टायमाले कुठी होता.

पण मला ती आठवते ती बारशाच्या दिवशीची. मनीषाला मुलगी झाली, दिवस भरून, चांगली किरकिरी. आंबिया बहाराची संत्री नुकतीच निघाली होती. मोर्शीच्या सोयऱ्यांनी करंडी आणली, ती रीतीप्रमाणे ओट्यावर आली. वयनी मधे बसली, सोलायला सुरुवात केली. फोडी सगळ्यांच्या हातावर पडायला लागल्या. माझ्याही. आत्यानं हात पुढं केला तर वयनीनं करंडीतलं सगळ्यात मोठं संत्रं उचललं आणि तसंच, सालीसकट, तिच्या हातावर ठेवलं.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"तुमचं. अख्खं. माह्यासमोर खा."

सगळं घर बघत होतं. आत्यानं संत्रं सोललं. सावकाश, सालीचा एकही तुकडा वाया न घालवता, जसं काही तिला कोणी शिकवतंय. मग एकेक फोड खायला लागली. पाळण्यातली मधेच कुरकुरत होती. साठ वर्षांची सवय. अर्ध्यावर आल्यावर आत्याचा हात आपोआप शेजारी बसलेल्या गजूकडे वळला, फोड बोटांत धरलेली.

वयनीनं तो हात मनगटाशी धरला आणि तिच्याच तोंडाकडे वळवला.

"कोर्स पुरा करा, बाई."